भात वाढला

“मावशी, भात?” मी दारातूनच विचारलं.

गिरजामावशी पातेल्यावर झाकण ठेवत होत्या. दुपारची शेवटची पंगत नुकतीच उठली होती आणि मोरीत ताटांचा ढीग पडला होता. त्यांनी पदरानं मान पुसली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “वाढला व बाई.”

“बरं झालं,” मी म्हटलं.

त्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं. मला वाटलं, बाई दमली आहे. मी कमरेची किल्ली काढली, कोठी उघडली आणि दुसऱ्या दिवसाचे तांदूळ मोजायला बसले. आदल्या दिवसापेक्षा एक डबा कमी. मावशी चौकटीला टेकून बघत राहिल्या. माझं झाल्यावर त्यांनी परात उचलली आणि आत गेल्या. मला त्या वेळी स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की काय सांगू. सत्कार करून घ्यायचा तेवढा बाकी होता.

वऱ्हाडातलं एक विद्यापीठ, मुलींचं वसतिगृह, आणि त्याची मेस. मी तिथे पर्यावरणशास्त्र शिकायला आले होते. भिलाईहून. वडील पोलाद कारखान्यात, आई तिथल्याच शाळेत. घरी मराठी बोलायचो, पण दर दोन शब्दांमागे एक हिंदी. आमच्याकडे डबा रिकामा झाला की आई सरळ ‘खतम’ म्हणायची. त्यामुळे आल्या आल्या माझ्या मराठीची जी काय टर उडाली ती विचारू नका. पहिल्याच दिवशी मी उरलेल्या भाजीकडे बोट दाखवून “ही भाजी वाचली का” असं विचारलं, आणि माझी रूममेट मुक्ता इंगोले गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “हो, थोडक्यात वाचली. वांगी तेवढी दगावली.” मुक्ता वाशीमची. जीभ अशी की सुरीला धार लावायची गरज पडू नये. तिनं त्या दिवसापासून माझं नावच भिलाई ठेवलं. माझं खरं नाव शलाका बारापात्रे आहे हे वर्गात हजेरीच्या वेळी तेवढं कळायचं.

आणि या कचऱ्याच्या भानगडीत मी पडले ती अक्षरशः पडूनच. वसतिगृहाच्या मागे एक खड्डा होता. मेसमधलं उरलंसुरलं सगळं त्यात जायचं. भात, वरण, भाजी, ताटातलं खरकटं. कुत्री, डुकरं, माश्या, आणि वास असा की त्या बाजूच्या खोल्यांतल्या पोरी खिडक्या उघडत नसत. एकदा दोरीवरून उडालेली माझी ओढणी आणायला मी तिकडे गेले आणि काठावरची माती सरकून मांडीपर्यंत आत गेले. बाहेर आले ती तशीच, आंबलेल्या वरणानं माखलेली, तरातरा रेक्टर मुळावकर मॅडमच्या ऑफिसात शिरले आणि त्यांना तोंडाला येईल ते सुनावलं. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. मॅडम नाकाला रुमाल लावून शांतपणे ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, आवाज चांगला आहे तुझा, आणि रागही खरा दिसतो आहे. आमच्या हरित समितीत दोन वर्षांत कोणी फिरकलेलं नाही. आंघोळ कर आणि उद्यापासून ये.

मी गेले, आणि जाताना मुक्तालाही ओढून नेलं. ती शेतकी विषयाची, तिला खत करायचं माहीत होतं. हरित समिती म्हणजे आम्ही दोघी आणि एक मोडकी हातगाडी.

सुरुवातीला ती गंमतच होती. पोस्टर लावली, घोषणा लिहिल्या, पोरी वाचून हसायच्या आणि ताटात निम्मा भात टाकून उठायच्या. मग एक दिवस मॅडमनी आम्हाला बोलावलं आणि दार लावून घेतलं. प्राध्यापकांच्या वसाहतीतून वासाची तक्रार वरपर्यंत गेली होती. उपकुलसचिव दारव्हेकर सरांनी फाइलवर शेरा मारला होता की दिवाळीपर्यंत कचरा आटोक्यात आला नाही तर मेसचं स्वयंपाकघर बंद करायचं आणि शहरातल्या कंत्राटदाराकडून तयार डबे आणायचे. डबा आला, डबा गेला, खड्डाच नको.

“आणि मावशी?” मी विचारलं.

मॅडमनी हात उडवला. मावशी आणि त्यांच्या हाताखालच्या बायका रोजंदारीवरच्या. स्वयंपाकघर गेलं की त्या गेल्या. शेजारच्या खेड्यातून चालत यायच्या सगळ्या. त्यांतल्या दोघी नवऱ्यानं टाकलेल्या, एकीचा मुलगा अंथरुणाला खिळलेला. मावशींनी तर ते वसतिगृह बांधताना विटा वाहिल्या होत्या, आणि छत पडल्यावर त्याच छताखाली पहिली चूल पेटवली होती.

मला मावशींचा फार लळा होता. कारण सांगते. घरापासून तुटून आलेली मी, भाषेवरून सगळ्यांच्या चेष्टेचा विषय, पहिल्या पंधरवड्यात रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायची आणि सकाळी डोळे सुजवून चहाला यायची. मावशींनी कधी काही विचारलं नाही. माझ्या कपात आल्याचा रस जरा जास्त टाकायच्या आणि म्हणायच्या, “सर्दी दिसते पोरीले.” रोज सर्दी. त्या सर्दीच्या नावाखाली मी ते दिवस काढले, नाहीतर भिलाईची गाडी पकडून केव्हाच पळून गेले असते.

तेव्हा ते स्वयंपाकघर वाचवायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं. मी मॅडमना म्हटलं, पोस्टर राहू द्या, कोठीची किल्ली माझ्याकडे द्या. भात सगळ्यात जास्त फुकट जातो. रोज किती उरतो ते बघते आणि तेवढे तांदूळ कमी काढून देते. सरळ गणित आहे. मॅडमनी मावशींकडून किल्ली घेऊन मला दिली. मी मावशींना सांगितलं, आपलं स्वयंपाकघर टिकवायचं तर भात बेतानं शिजला पाहिजे. मी दुपारी येऊन विचारत जाईन, तुम्ही खरं ते सांगायचं. मावशींनी मान डोलावली. म्हणाल्या, “खरंच सांगीन. कोठीपुढे खोटं बोलत नाईत.”

पहिले काही दिवस त्या “उरला” म्हणाल्या. मी डबे कमी करत गेले. मग एके दिवशी म्हणाल्या, “वाढला.” मला वाटलं, अरे देवा, कमी करूनही वाढला. आणखी कमी केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढला. आणखी कमी. असं किती तरी दिवस चाललं. तांदूळ उतरत होता आणि भात वाढतच होता.

मुक्ता खड्ड्याची राणी. बादल्या ती रिकाम्या करायची, पालापाचोळ्याचे थर ती द्यायची. त्यामुळे सकाळी प्रयोगशाळा, दुपारी खड्डा, स्वयंपाकघराकडे ती फिरकायचीच नाही. एका संध्याकाळी हात धूत म्हणाली, “भिलाई, एक सांग. भात रोज शिल्लक राहतो म्हणतेस ना?”

“रोज.”

“मग तो जातो कुठे? माझ्या बादलीत शीत नाही. सालं येतात, देठं येतात, चहाचा चोथा येतो. भात नाही.”

मी म्हटलं, अगं, उरलेला बायका खात असतील, तेवढंच चांगलं. मुक्ताला ते काही पटलं नाही. शेवटच्या पंगतीतल्या पोरी म्हणतात वाढायचा डाव लहान झालाय, असंही ती पुटपुटली. पण मी माझ्याच तंद्रीत होते. खड्डा कोरडा पडत चालला होता, वास जवळजवळ गेला होता, प्राध्यापकांच्या वसाहतीतली एक बाई तर मला हटकून म्हणाली की आता आम्ही संध्याकाळी अंगणात बसतो. अशा वेळी कोण कोणाच्या डावाकडे बघतंय.

दिवाळीच्या तोंडावर दारव्हेकर सर तपासणीला आले. उंच, काटकुळे, शर्टाची वरपर्यंतची बटणं लावलेली, आणि हसणं हा प्रकार त्यांनी सरकारी नोकरीत येण्याआधीच सोडून दिलेला. त्यांनी खड्डा बघितला. काठीनं ढवळून बघितला. मुक्तानं बादलीत आता भात येतच नाही असं सांगत खत मुठीत घेऊन दाखवलं, तर त्यांनी ते नाकाशी नेऊन हुंगलं. बरं आहे, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

मग जेवायला बसले. मेसमध्येच, लांब टेबलाशी. एका बाजूला सर आणि मॅडम, समोर आम्ही दोघी. मावशी स्वतः वाढत होत्या. सरांच्या ताटात त्यांनी भाताची चांगली मूद वाढली, वर वरण, वर तूप. बाकीच्या बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना माहीत होतं आज कशाचा निकाल आहे. एकीनं तर हात जोडूनच ठेवले होते.

सरांनी मला विचारलं, कसं केलंत. मी सुटलेच. किल्ली, डबे, रोजचा प्रश्न, रोजचं उत्तर, सगळं सांगितलं. तांदूळ निम्म्यावर आणला सर, आणि तरी भात रोज शिल्लक राहतोच आहे, म्हणजे अजून वाव आहे.

सरांचा घास हातातच राहिला.

“शिल्लक राहतो?” त्यांनी विचारलं. “अजूनही?”

“हो सर. रोज.”

“ही मुलगी म्हणते, बादलीत भात येत नाही. ताटात टाकलेला मी आत्ता कुठे पाहिला नाही. मग रोज शिल्लक राहिलेला भात जातो कुठे?”

ते काही कोणाचं नाव घेऊन बोलले नाहीत. पण बोलता बोलता त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे खुंट्यांवर बायकांच्या कापडी पिशव्या ओळीनं टांगलेल्या होत्या, प्रत्येकीत काहीतरी गाठोडं. सगळ्यांनीच त्या पिशव्यांकडे बघितलं. हात जोडून उभ्या असलेल्या बाईचे हात खाली आले.

मावशींच्या हातात वरणाचं भांडं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. चेहरा असा झाला की तो मला आजही आठवतो. स्वयंपाकघर वाचवायला निघालेली मी, आणि माझ्याच तोंडच्या वाक्यानं त्या चोर ठरत होत्या.

मी ताडकन उठले. खुर्ची मागे पडली.

“सर, मावशी तसलं काही करणार नाहीत. त्यांना लपवायचंच असतं तर त्यांनी मला सांगितलंच नसतं ना. त्या रोज स्वतःच्या तोंडानं, प्रामाणिकपणे सांगतात मला, भात वाढला म्हणून.”

मुळावकर मॅडमनी मान वर केली. “काय सांगतात?”

“भात वाढला.”

“हाच शब्द? वाढला?”

“हाच. रोज.”

“आणि तू काय समजलीस?”

“जास्त झाला. बढ़ गया. म्हणजे उरला.”

मुक्तानं कपाळावर हात मारला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “अगं भिलाई. अगं माझे आई.”

मॅडमनी मला खुर्ची उचलायला लावली, बसायला लावलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आपल्याकडे घरातलं धान्य संपलं असं म्हणत नाहीत गं, अशुभ वाटतं. वाढलं म्हणतात. मीठ वाढलं, तेल वाढलं, कुंकू वाढलं. बांगडी फुटली तरी ती वाढलीच. भात वाढला म्हणजे पातेल्यात आता शीतही नाही.

भिलाईच्या बाजारातला किराणावाला शटर ओढताना ‘दुकान बढ़ा रहे हैं’ म्हणायचा, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते बरोबर त्या क्षणी आठवलं. उपयोग काय.

मी मावशींकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि आमच्या दोघींच्याही डोक्यात एकाच वेळी उजेड पडत होता.

“म्हंजे तुले समजलंच नाई?” मावशी म्हणाल्या. “मी तं रोज सांगू रायली व, वाढला, वाढला. तू म्हणे, बरं झालं. मले वाटलं पोरीचा काई हिशोब असन. आपलं सैपाकघर वाचवाले करू रायली बिचारी, मंग आपण कायले आडवं यावं.”

“पण मग पोरींना पुरत कसा होता?” मॅडमनी विचारलं.

मावशींनी मान खाली घातली. दारातल्या बायकाही खाली बघायला लागल्या. सरांनीच मग विचारलं, आवाज बदलून. “तुम्ही जेवता केव्हा?”

“सगळ्याईचं झाल्यावर, साहेब.”

“काय जेवता?”

“पोळ्या पोरींच्या, त्या मोजून असतात. आमचं भात-वरण. उरते त्याच्यातलं.”

“आणि हे सगळे दिवस?”

मावशी दाराशी गेल्या, खुंटीवरची स्वतःची पिशवी काढली आणि सरांच्या ताटाशेजारी आणून ठेवली. गाठ सोडली. आत ज्वारीची भाकर होती, आणि कागदात मिरचीची चटणी.

“घरून आणतो, साहेब. घरचं जेवन हाय, काई वाईट नाई. पोरींले कमी नाई पडू देलं.”

सगळ्या पिशव्यांत तेच होतं. जेवण हा त्यांच्या कामाचा हक्क होता, तो सोडून त्या घरून भाकरी बांधून आणत होत्या आणि आपल्या वाट्याचा भात पोरींच्या ताटात वाढत होत्या. आणि मी रोज दुपारी दारात उभी राहून म्हणत होते, बरं झालं. मला रडू आवरेना. मुक्तानं टेबलाखालून माझा हात धरला. तिनं आजवर मला कधी हात लावला नव्हता, टपली सोडून.

सरांनी आपल्या ताटाकडे बघितलं. भाताची मूद अर्धीच खाल्लेली होती. तो भात कोणाच्या वाट्याचा होता हे आता सगळ्यांना कळलं होतं. ते पुढे झुकले आणि जेवायला लागले. सगळा भात खाल्ला, ताटाच्या कडेचं शीतन् शीत बोटानं टिपून खाल्लं, आणि मग पाणी पिऊन विचारलं, “आधी मग इतका भात का उरायचा, मावशी? किल्ली यांच्याकडे नव्हती तेव्हा?”

मावशींना प्रश्नच विचित्र वाटला असावा. “आमाले उराले पायजे ना, साहेब. आमी आखरीले. पोरी किती खातीन, काय माईत. कमी पडलं तं आमी उपाशी. म्हणून हरेक जण मूठ मूठ जास्त टाकते. एकीनं टाकली, दुसरीनं टाकली. लागलं तं लागलं, नाई तं खड्ड्यात.”

सर आता फाइल मागवणार असं मला वाटलं. त्यांनी मॅडमकडे वळून एवढंच सांगितलं की उद्यापासून या बायका पहिल्या पंगतीला जेवतील, मुलींच्या आधी. त्यांचं जेवण झाल्यावर वाढायला सुरुवात. “उरण्याची वाटच बघायची नसेल तर उरवायचं कशाला,” ते म्हणाले. मग उठले. दारात थांबून मावशींना नमस्कार केला, आणि मघाशी त्या पिशव्यांकडे बघितलं त्याबद्दल माफ करा, असं सगळ्यांदेखत म्हणाले. मावशींना काय करावं कळेना. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “पुन्हा येजा, साहेब.”

दुसऱ्या दिवशी त्या बायकांना पहिल्या पंगतीला बसवणं हे सोपं काम नव्हतं. पोरी उभ्या आणि आपण बसून खायचं, हे त्यांना कसं तरीच वाटत होतं. मावशी तर टेबल सोडून खाली पाट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. पण गोष्ट वसतिगृहभर पसरली होती. मुक्तानं ती रात्रीतून प्रत्येक खोलीत जाऊन सांगितली होती, माझ्या वाढला-बढ़ गयासकट, त्यात तिनं काही सोडलं नाही. पोरी येऊन उभ्या राहिल्या. कोणी पोळी वाढली, कोणी वरण. एरवी ताटात निम्मं टाकून उठणारी एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन फिरत होती. हळूहळू मावशींनी पाट फिरवला आणि तोंड आमच्याकडे केलं.

त्यानंतर तांदूळ पुन्हा पहिल्याइतका कधी लागला नाही. मूठ मूठ जास्त टाकायची कोणाला गरजच राहिली नाही. आणि ताटात टाकायची कोणाची छाती होईना, कारण ताट घासायला नेणाऱ्या बाईचं नाव आता प्रत्येकीला माहीत होतं. आमची पोस्टर पावसानं गळून पडली, ती पुन्हा कोणी लावली नाहीत. सरांनी फाइलवर नवा शेरा मारला. स्वयंपाकघर राहिलं. खड्ड्याच्या जागी मुक्तानं कढीपत्ता आणि पपया लावल्या.

कोठीची किल्ली मी मावशींना परत दिली. त्यांनी घेतली, पण मला सोडलं नाही. मी दिसले की त्या विचारायच्या, “काय व भिलाई, भात वाढला म्हंजे?” मी म्हणायची, संपला. की लगेच ओरडायच्या, “संपला नाई म्हणाचं.” मग एकदा मी चिडून विचारलं, पण असं का. रिकामं ते रिकामं. त्या चुलीत लाकूड सारत होत्या. म्हणाल्या, “संपला म्हटलं का मानूस हात धुते. वाढला म्हटलं का कोनीतरी उठते अन् तांदूळ टाकते.”

मी पुढे हेच काम धरलं. वसतिगृहं, आश्रमशाळा, दवाखान्यांची स्वयंपाकघरं, जिथे अन्न फुकट जातं तिथे मला बोलावतात. लोक वजनकाटे आणि यंत्रं दाखवतात. मी पहिला प्रश्न विचारते, इथे स्वयंपाक करणाऱ्या बायका केव्हा जेवतात. लोक एकमेकांकडे बघतात. बहुतेक ठिकाणी उत्तर तेच असतं, आणि बहुतेक ठिकाणी इलाजही तोच चालतो. माझं कौतुक होतं, तेव्हा मला फार अवघडल्यासारखं होतं. त्या कौतुकातला एक घास तरी माझा आहे का, असं वाटतं. प्रश्न दारव्हेकर सरांचा, उत्तर मावशींचं, आणि माझी तेवढी चूक. पण ती चूक घडली तेव्हा समोर अशी माणसं होती हे माझं नशीब. कोणी मला हसून हाकलून दिलं असतं तर मी आज कुठे असते कोण जाणे.

मागच्या वर्षी मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला आल्या. मी त्यांना दवाखान्यातून सरळ माझ्या घरी आणलं. भांडून आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं. दुपारी त्यांना पाटावर बसवलं, समोर ताट ठेवलं. त्या नको नको म्हणत होत्या, सगळ्यांबरोबर बसीन म्हणत होत्या. मी म्हटलं, मावशी, नियम म्हणजे नियम, तुम्ही आधी. त्या हसल्या आणि जेवल्या. मग लेकीला वाढलं, तिला क्लासला जायचं होतं. मग नवऱ्याला वाढलं, त्यांनी भात पुन्हा मागितला. ते उठले, लेक गेली, मी ओटा आवरला, आणि माझं ताट घेऊन पातेल्यात डाव घातला.

डाव तळाशी खरवडला.

मावशी बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत डोळा मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोपल्या असतील. तिथून आवाज आला, “काय झालं व?”

“काही नाही मावशी. पडा तुम्ही.”

“पातेलं वाजलं. काय झालं?”

मी डाव खाली ठेवला. मग म्हटलं, “वाढला.”

खुर्ची करकरली. मावशी भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. पट्टी बांधलेला डोळा, आणि दुसरा माझ्या रिकाम्या ताटावर.

“गावोगाव जाऊन इचारत फिरतं म्हणे, बायका कवा जेवतात,” त्या म्हणाल्या. “अन् तू कवा जेवतं व?”

मावशींनी मला बाजूला केलं, ओट्याखालचा डबा हातानं चाचपून शोधला, आणि तांदूळ धुवायला घेतले.